उणे ७ नंबर आणि ५०० मायक्रॉन जाडी : लॅसिक करावं का?

लॅसिक म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया; तिच्यासाठी कोणतं यंत्र चांगलं यावरच बरीच चर्चा चालते. पण उणे ७ नंबर आणि कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५०० मायक्रॉन असेल, तर आधी हिशोब मांडा. साधारण ६ ते ६.५ मिमी व्यासाच्या भागात एका नंबरामागे अंदाजे १५ मायक्रॉन थर लेझरने जातो, म्हणजे इथे १०५. लॅसिकचा फ्लॅप (लेझरआधी उचलायचा वरचा पातळ थर) ११० धरला तर खाली २८५ उरतात. किमान २५० ची मर्यादा पाळली जाते हे खरं, पण बरेच सर्जन ३०० मागतात आणि ते योग्यच आहे. शिवाय फ्लॅप आणि लेझर मिळून २१५ मायक्रॉन म्हणजे एकूण जाडीच्या ४३ टक्के. ४० च्या वर गेलं की कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका वाढतो. मी इथे लॅसिक सुचवणार नाही.

पीआरकेमध्ये लेझर थेट कॉर्नियाच्या पृष्ठभागावर करतात; फ्लॅप नसल्याने जाडी वाचते, मात्र पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि मोठ्या नंबराला धूसरपणा येऊ नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावावं लागतं. आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, हा दुसरा पर्याय. त्यासाठी कॉर्निया आणि डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगामधली खोली साधारण २.८ मिमी तरी हवी.

टोपोग्राफीआधी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढण्याआधी) सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवा; नाहीतर नकाशाच चुकीचा येतो. डोळे चोळायची सवय असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि लेझर केलंच तर आधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढताना ते लागतात.