फेरेटचे (मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) मागचे पाय अचानक लुळे पडतात, मग आपोआप ठीक! काय असेल? मदत हवी आहे

मऊशेपटी:
लवकर सांगा कोणीतरी प्लीज. माझ्या फेरेटचे, भुऱ्याचे, मागचे पाय मधूनच लुळे पडतात, चालता चालता मागचा भाग जमिनीला टेकतो आणि तसाच बसून राहतो, हाक मारली तरी भलतीकडेच बघत असतो, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही असा उड्या मारायला लागतो. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा नेमका ठणठणीत. एक्स-रेत हाडं व्यवस्थित, म्हणाले मार लागला असेल. मग सारखा लंगडला असता ना?

रानमांजर:
वय किती? खायला काय देता? नसबंदी झालीय? लसी? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

जुनाजाणता:
रबर गिळलं असणार. आमच्याकडच्याने चपलेचा तुकडा गिळला, आतड्यात अडकला, पोट उघडावं लागलं. घरातलं सगळं रबर, इअरफोनची बोंडं वगैरे आधी उचला.

रानमांजर:
जुनाजाणता, रबर अडकलं तर खाणं सुटतं, शी कमी होते. हा तर उड्या मारतोय.

जुनाजाणता:
अर्धवट अडकलं तर लवकर कळतच नाही. स्वतः बघितलंय म्हणून सांगतोय.

बोका७:
वासासाठी सारखी आंघोळ घालू नका, कातडी कोरडी पडते, मग तेल जास्त सुटतं आणि वास उलट वाढतो.

मऊशेपटी:
वासाचं कोणी विचारलंय का इथे?? वय पाच. नसबंदी, लसी सगळं झालंय. मांजरांचं कोरडं खाणं देते, नीट खातो. शेपटीचे केस थोडे गेलेत. आणि पाय जातात तेव्हा लाळ गळते, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडत राहतो.

रानमांजर:
लाळ आणि तोंड ओरबाडणं, हेच महत्त्वाचं आहे! झोपून उठल्यावर, पोट रिकामं असताना होतं का? आणि खाल्लं की बरं वाटतं?

मऊशेपटी:
हो!! लांब झोप काढून उठला की. खाल्लं की दहा मिनिटांत ताजातवाना.

रानमांजर:
मग रक्तातली साखर तपासा, आजच. इन्सुलिनोमा वाटतोय, म्हणजे स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या नको तेवढं इन्सुलिन सोडतात आणि साखर खाली जाते. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये हे खूप दिसतं. तपासणी ३-४ तास उपाशी ठेवून करतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, घरी उपाशी ठेवायचं नाही. निरोगी फेरेटची साखर साधारण ९० ते १२० असते, ६० च्या खाली आली तर संशय बळावतो. माणसांच्या ग्लुकोमीटरवर जाऊ नका, फेरेटच्या रक्तात तो आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

गोडुली:
साखर कमी असेल तर रोज चमचाभर मध चाटवा, सोपं आहे.

रानमांजर:
अजिबात नको! गोड दिलं की गाठी आणखी इन्सुलिन ओततात आणि थोड्या वेळाने साखर आधीपेक्षा खाली जाते. मध फक्त फिटचा झटका आला किंवा अगदीच गळून गेला तर, तोही हिरड्यांना जरासा चोळायचा, आणि सावध झाला की लगेच मांसाचं खाणं. शुद्ध नसताना तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. मग थेट डॉक्टर.

शांतकोपरा:
हृदयाच्या आजारातही मागचे पाय जातात, तेही बघून घ्या. शेपटीचे केस गेलेत म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीचं (मूत्रपिंडाजवळची ग्रंथी) वेगळं दुखणं असू शकतं, ते आणि इन्सुलिनोमा दोन्ही एकदम असलेले फेरेट पुष्कळ आहेत. सोनोग्राफीत ग्रंथी बघायला सांगा.

मऊशेपटी:
साखर ४८ आली. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडचं औषध) सुरू केलंय. ऑपरेशनचाही विचार करा म्हणाले. औषधाने गाठी जातील का?

रानमांजर:
नाही, औषध साखर सावरतं, गाठी तशाच राहतात. ऑपरेशनने बराच काळ चांगला जातो पण गाठी पुन्हा येऊ शकतात, त्यामुळे हृदय आणि ॲड्रिनलचं कळल्यावरच ठरवा. औषध मात्र मनाने बंद करू नका.

मऊशेपटी:
रात्री उठून खायला द्यावं लागेल का?

शांतकोपरा:
मांसाचं, भरपूर प्रथिनांचं खाणं वाटीत कायम ठेवा. ३-४ तासांच्या वर पोट रिकामं राहायला नको. गाढ झोपला असेल तर निदान सुरुवातीला तरी उठवाच.