सातबाऱ्यावर कापूस, रानात केळी: यावरून धोरण ठरवायचं?

तापीकाठ (यावल)

परवा गावातल्या एकाने पीककर्जासाठी सातबारा काढला. रानात कांदेबागेची (पावसाळा सरताना लावलेली) केळी, आता पिलबाग (त्याच खोडाच्या पिलांवरचं पुढचं पीक) धरलाय. उताऱ्यावर मात्र कापूस! चौकशी केली तेव्हा कळलं, गावातल्या एका पोराने पन्नास-पन्नास रुपये घेऊन अर्ध्या गावाची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवर फोटो काढून उताऱ्यावर पीक नोंदवणं, उरकली होती. याच्या गटाच्या कडेला उभं राहून त्याने फोटो काढला, तो शेजारच्या कपाशीचा.

हसण्यावारी नेऊ नका. आमदार सभागृहात केळीबद्दल प्रश्न विचारतो. मंत्रालय जिल्ह्याला विचारतं, जिल्हा तालुक्याला, तालुका तोच पीकपेरा (कुठल्या गटात कुठलं पीक याची नोंद) काढून वर पाठवतो. म्हणजे त्या पोराचा फोटो शेवटी मंत्र्यांच्या उत्तरात जातो. विमा, खत, शीतगृह, रेल्वेच्या वॅगन, सगळ्याचा हिशोब त्याच्यावर.

माझं म्हणणं एवढंच की नवीन योजना जरा थांबवा, आधी मोजणी सुधारा. गावाचा पीकपेरा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. माझ्या केळीला कापूस म्हटलं तर मी तिथेच ओरडेन. आणि कुठलाही सरकारी आकडा छापताना तो कोणी, कधी, कसा घेतला हे शेजारी छापा.

शिरपूरकर

भाऊ, आकडा नव्हता म्हणून काम अडलं, असं एक उदाहरण द्या. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार सगळ्यात तळाला होता. छापून आलं, चर्चा झाली, पुढे? धडगावला पोरं कुपोषित आहेत हे कळायला डॅशबोर्ड लागतो का?

मी विधानसभेतली उत्तरं वाचतो, वाईट सवय आहे. 'हे अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आकडे सुधारले तर फार तर 'अंशतः'च्या जागी दशांश येईल. उलट 'आधी सर्वेक्षण करू' ही टाळाटाळीची सगळ्यात सभ्य पद्धत आहे. तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत देताय.

माजी भाऊसाहेब

तलाठी म्हणून निवृत्त झालो, म्हणून बोलतो. आम्ही चावडीत बसून पीकपेरा भरायचो हा आरोप अगदीच खोटा नाही. एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, तीन-चार गावं, वर निवडणूक, टंचाई, पंचनामे. गटागटात कोण फिरणार? म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून पाहणी शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेली. पण वाढलेल्या केळीच्या बागेत उभं राहून बघा, डोक्यावर पानं, लोकेशन धरता धरत नाही. सत्तरीतल्या आबांनी ते करावं ही अपेक्षाच चूक. मग पन्नास रुपयेवाला पोरगा येणारच.

दुसरी गोष्ट पैसेवारीची, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं या सरकारी अंदाजाची. ५० पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती. गावाला वाटतं कमी लागावी, वरून इशारा येतो जपून लावा. मधे तलाठी. आकड्याला पैसा टांगला की तो सरळ राहत नाही, कितीही ॲप काढा.

आणि फलक? वाटणी न झालेल्या गटावर एका भावाच्या नावापुढे पीक दिसलं की दुसरा कोर्टात. ते निस्तरायला परत आम्हीच.

तापीकाठ

भाऊसाहेब, भांडणं आजही आहेतच, फक्त आता ती कर्ज नाकारल्यावर होतात. फलकावर नावं नकोत, गट नंबर आणि पीक पुरे.

जळगावचा सांख्यिकीवाला

सगळंच मोजायचा हट्ट कशाला? पीक कापणी प्रयोगात निवडक शेतात प्लॉट आखून उत्पादन काढतात. थोडं मोजा, पण शिकलेल्या माणसाने नीट मोजा. ग्रामसभेत हात वर करून क्षेत्र ठरत नसतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात साधारण ६ लाख ३६ हजार कुटुंबं घेतली, तेवढ्यावर धोरण चालतं.

सातपुड्यातली मास्तरीण

दादा, तेच सर्वेक्षण ७०७ जिल्ह्यांत होतं. भागाकार करा, जिल्ह्याला नऊशे घरं येतात. नंदुरबार जिल्हा चालेल, पण त्यातून धडगाव आणि शहादा वेगळे कसे काढणार? वरचे पाडे आणि खालचं बागायत एकाच सरासरीत घातलं की कोणाचंच चित्र खरं राहत नाही.

आमच्याकडे वेगळीच गंमत आहे. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. रेशनचा कोटा आजही त्याच जनगणनेवर. आता नवी शिरगणती ठेवली आहे फेब्रुवारी २०२७ मध्ये. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत, तो परततो होळीला. माझ्या वर्गात जानेवारीत चाळीस नावं असतात आणि बसायला अठरा पोरं. प्रगणक येईल तेव्हा दाराला कुलूप, नाहीतर ओट्यावर एखादी आजी. नियमाने ही माणसं तिकडे, पडावावर मोजली जाणार. तिकडच्या प्रगणकाला उसाच्या फडामागची झोपडी सापडली तर. आणि सापडली तरी माणसं गुजरातच्या खात्यावर, पोट वर्षातले सात-आठ महिने इथल्या दुकानावर.

शिरपूरकर

ताई, हे पटलं. पण यात डेटा कुठे आला? तारीख ठरवणाऱ्याला होळी कधी असते एवढं माहीत हवं होतं.

सातपुड्यातली मास्तरीण

मग ते त्याला कोण सांगणार? आम्ही तोंडी सांगितलं की उत्तर येतं, 'बघतो ताई.' यंदा मी हजेरीपटावरून महिन्यावार काढलं, कुठल्या पाड्यातून किती पोरं कधी गेली, कधी आली. दोन पानं झाली. लोकप्रतिनिधींच्या माणसाने ती पानं ठेवून घेतली आणि झेरॉक्सही मागितली. आजवर माझा एकही अर्ज ठेवून घेतला नव्हता.

शिरपूरकर

ठेवून घेतली, वाचली का?

सातपुड्यातली मास्तरीण

अधिवेशनात कळेल. तुम्ही उत्तरं वाचताच, सापडलं तर सांगा.

माजी भाऊसाहेब

ताई, तसा हजेरीपट आमच्या काळात कोणी आणून दिला असता तर मी टंचाईच्या अहवालाला जोडला असता. खरं सांगतो.

तापीकाठ

इकडे त्या गड्याचं कर्ज अडकलेलंच आहे. उद्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन जातोय, सोबत मी. फोटो आम्ही स्वतः काढणार, पानं बाजूला करून.

माजी भाऊसाहेब

सकाळी लवकर उरका. दुपारी सर्व्हर झोपतो.