जुनी ४०७ मिसिंग करते, माळशेज चढताना दम सोडते. पंप उतरवू का?

ओतूरकर_४०७
नमस्कार मंडळी. वडिलांची २००१ची टाटा ४०७ आहे. चार सिलिंडर, मायको कंपनीचा लाइन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप), टर्बो नाही. नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री कल्याणला जातो, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. जाताना उतार, त्यामुळे कळत नाही. येताना मोरोशी सोडून घाट लागला की पाच-सात मिनिटं बरी चालते, मग पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला. तेही रिकामी असताना! बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलो की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

दुसरं म्हणजे सकाळी थंड स्टार्टला एक ठोका चुकतो. आरसा थडथडतो, पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबतो. गरम झाल्यावर धूर जातो, पण आयडलला मिसिंग थोडं राहतंच.

दोन्ही डिझेल फिल्टर आणि ऑइल नवीन टाकलं. मिस्त्री म्हणतो पंप उतरवा, २८ हजार. माझ्याकडे १२ हजार आहेत आणि हंगाम २० दिवसांवर आलाय. वडील म्हणतात पंपाला हात लावायचा नाही. काय करू?

सांगली_ट्रान्सपोर्ट
विका. एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालू नका. मी गेल्या वर्षी नवीन पिकअप घेतली, हप्ता १७ हजार, एसी आहे, एक दिवस गॅरेज बघितलं नाही.

ओतूरकर_४०७
दादा, १२ हजार एकूण आहेत, महिन्याचे नाहीत.

बार्शीचा_पोपट
प्लग काढून पॉलिश पेपरने घासा. माझ्या व्हॅनला हेच झालं होतं, ८० रुपयांत काम.

नोझलवाला_मिरज
पोपटभाऊ, तुमची व्हॅन पेट्रोलची. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पडून पेटतं. ओतूरकर, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल बदला. माझ्या ४०७ला बदलले आणि घाट तिसऱ्यावर चढली. भरलेली, सिमेंटच्या गोण्या होत्या. पंपवाले सगळ्यांना पंपच सांगतात.

घाटाखाली_मुरबाड
मी ३१ वर्षं डिझेल गाड्यांवर काम करतोय. हे दोन वेगळे आजार आहेत, एकात एक मिसळू नका.

घाटात दम सोडते आणि थांबल्यावर सुधारते, म्हणजे इंजिनला डिझेल पुरत नाही. सपाटीला थोडं लागतं, ते कसंतरी येतं. चढाला मागणी वाढते आणि तिथं उपासमार होते. पुढच्या वेळी गाडी दबली की आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. टाकीत पोकळी होते आणि मुख्य पंपाला डिझेल आणून देणाऱ्या छोट्या फीड पंपाला ते ओढता येत नाही.

झाकण ठीक असेल तर फीड पंपाखालची वाटी उघडा, आतली जाळी बघा. तुम्ही फिल्टर बदलले, ही जाळी कुणी बघत नाही. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाइप. जुना पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, आतून सालपटं सुटतात. शिवाय ही ओढणारी बाजू आहे. चीर पडली तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि माणूस फसतो. तिथं तात्पुरता हातभर पारदर्शक डिझेल पाइप बसवा आणि इंजिन रेस करून बघा. बुडबुडे पळताना दिसले की चोर सापडला.

सांगली_ट्रान्सपोर्ट
एवढं करण्यापेक्षा विकलेली बरी. दरवर्षी फिटनेसचा त्रास वेगळा.

फोंडेकर
फिटनेस आठ वर्षांवरच्या सगळ्याच ट्रान्सपोर्ट गाड्यांना दरवर्षी लागतो, तुमची पिकअपही तिथं पोचेल. ओतूरकर, मला अनमोड घाटात हाच त्रास झाला होता. पावसाळ्यात एका पंपावर डिझेल भरलं, त्यात पाणी. टाकीखालचा ड्रेन नट रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी उघडा आणि काचेच्या बाटलीत धरा. पाणी जड, खाली बसतं. माझ्या बाटलीत दोन बोटं पाणी निघालं, वर गढूळ डिझेल. घरी बायकोला दाखवलं, म्हटलं बघ, हे पाणी ऐंशीच्या वर भावानं विकत घेतलं.

नोझलवाला_मिरज
चारही नोझल. बाकी सगळं नंतर.

चाकण_ड्रायव्हर
घाट उतरताना न्यूट्रल करत जा, डिझेल वाचेल, त्यातून नोझलचे पैसे निघतील. मी १५ वर्षं तसाच उतरतोय.

घाटाखाली_मुरबाड
हे वाचून कुणी करू नका, हात जोडून सांगतो. गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पंपातला गव्हर्नर डिझेल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलचं डिझेल जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. माळशेजच्या वळणांवर मी अशा गाड्या क्रेनने काढलेल्या पाहिल्यात, आत माणसं होती.

चाकण_ड्रायव्हर
मला १५ वर्षांत काही झालं नाही.

फोंडेकर
मुरबाडकर बरोबर आहेत. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरने उतरायचं, मला वडिलांनी शिकवलं.

एअरफिल्टर_प्रेमी
मूळ प्रश्नाकडे या. हवा ऑइलमधून गाळणाऱ्या ऑइल बाथ एअर फिल्टरमधलं ऑइल शेवटचं कधी बदललं? चिखल झाला असेल तर हवा कमी पडते. पण मग धूर काळा येतो. तुमचा पांढरा आहे, म्हणजे न जळलेलं डिझेल. निळा असता तर ऑइल. मी मात्र कागदी फिल्टर बसवला, खूप फरक.

नोझलवाला_मिरज
कागदी फिल्टर धुळीत आठवड्यात गच्च होतो. ऑइल बाथ काढायची चूक करू नका.

एअरफिल्टर_प्रेमी
साफ ठेवलं तर काही होत नाही. साफ ठेवणार कोण, हा प्रश्न.

घाटाखाली_मुरबाड
आता सकाळच्या मिसिंगचं. इंजिन आयडलला ठेवा. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा सैल करा, डिझेल बाहेर पडू द्या, मग कसून पुढचा घ्या. चालू सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच डगमगतं. जिथं काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. तिथली नोझल शेजारच्या सिलिंडरला टाका. मिसिंग नोझलबरोबर गेलं तर दोष नोझलचा. जागेवरच राहिलं तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंपातलं त्या सिलिंडरला डिझेल ढकलणारं एलिमेंट.

नटावर जाड कापड टाका, चष्मा घाला, फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. सुई टोचल्याइतकंच दिसतं, पण बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर थेट दवाखाना, हळद लावत बसू नका.

बार्शीचा_पोपट
एकाला पेडल दाबून बसवा आणि पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का बघा. आमच्या ट्रॅक्टरचा रॉड झिजला होता, पाय पूर्ण आणि लिव्हर अर्धा.

घाटाखाली_मुरबाड
हे पोपटभाऊंनी फार चांगलं सांगितलं. पाच मिनिटांचं काम, आधी हेच करा.

ओतूरकर_४०७
सगळ्यांचे आभार. काल दिवसभर मी आणि चुलतभाऊ गाडीखाली होतो. लिव्हर पूर्ण जातो. झाकण ठीक. ड्रेनमधून चमचाभर पाणी. वाटीतल्या जाळीवर काळी सालपटं, नखाएवढी, बोटांत चुरगळली तर रबराचा वास. पारदर्शक पाइप लावून रेस केलं तर बुडबुड्यांची माळच पळत होती. जुना पाइप काढून उभा चिरला. आतून फणसाच्या चारखंडासारखा सुटलेला, आणि क्लिपखाली बारीक चीर. नवीन पाइप, क्लिपा, तांब्याचे वॉशर मिळून ७४० रुपये. हाताने दाबायच्या हँड प्रायमरने डिझेल लाइनमधली एअर काढली. आज सकाळी मोरोशी ते वरचा बोगदा एकदाही दबली नाही. वडील शेजारी बसले होते. घाट संपल्यावर त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली.

नट सैल करून बघितले. तीन नंबरला काहीच फरक नाही. नोझल दोन नंबरला टाकली तर मिसिंग दोनला आलं.

नोझलवाला_मिरज
बघा! मी पहिल्या दिवसापासून नोझल म्हणतोय. आता चारही टाका.

घाटाखाली_मुरबाड
चारही टेस्टिंगला न्या, फवारा आणि दाब बघू दे, खराब असेल त्याच नोझलची टिप (पुढचं टोक) बदला. पंप उतरवू नका. दोष गेला, पैसे हंगामाला ठेवा.

फोंडेकर
पंपाला हात नको. माझंही तेच मत.

सांगली_ट्रान्सपोर्ट
आता चांगली चालतेय तर आत्ताच विका, भाव येईल.

ओतूरकर_४०७
नोझल चारही तपासल्या. तीन नंबरची थेंब थेंब गळत होती, दोन नंबर कमी दाबाला उघडत होती. दोन टिपा बदलल्या, दोन जुन्याच ठेवल्या. सकाळचा धूर बंद झाला.

पण पंप मी उतरवतोय. तुम्ही सगळे नको म्हणताय, वडीलही नकोच म्हणत होते. रबराची सालपटं जाळीत अडकली तेवढी मला दिसली. जी बारीक भुकटी पुढं गेली असेल, ती हंगामात रात्री दोनला घाटात त्रास देऊ नये. गाडीत २०० क्रेट असतात आणि ते माझे नाहीत, आमच्या वाडीतल्या सहा घरांचे असतात. एक गाडी बाजाराला उशिरा पोचली तर भाव निम्मा होतो. २८ हजारवाल्याकडे देत नाही. जुन्नरजवळ दुसरा टेस्ट बेंचवाला (पंप मशीनवर फिरवून तपासणारा) आहे, तो आधी मोजून दाखवतो, माझ्यासमोर. नुसतं मोजायचे २,५००, काही निघालं तर पुढचं. कमी पडले तर मामा देणार आहेत.

घाटाखाली_मुरबाड
मी असतो तर उतरवला नसता. पण उतरवताच आहात तर टायमिंगची (डिझेल नेमकं कधी फवारायचं त्याची) खूण पंचने मारून घ्या, पंप आणि इंजिन दोन्हीवर, नाहीतर बसवताना दोन दिवस जातील. आणि सगळ्या पाइपांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा.

बार्शीचा_पोपट
बेंचवर चारही एलिमेंटचं माप किती येतं ते सांगा. आमच्याही ट्रॅक्टरचा पंप न्यायचाय.