शिंगराची खुरं चिरफळतायत, जनुकीय तपासणी कुठे होईल?

नमस्कार मंडळी, मी निपाणीजवळच्या खेड्यातून लिहितोय. आमच्या घोडीचं शिंगरू चार महिन्यांचं आहे आणि चारही खुरांची बाहेरची भिंत खालून चिरफळून थरांनी सुटतेय. वरची कड मात्र धडधाकट आहे. भिंत तुटल्यामुळे बिचारं तळव्यावर भार देऊन चालतं, बघवत नाही. चिखलाने असेल म्हणून कोरडी जागा केली, डॉक्टरांनी बायोटिन आणि झिंक दिलं, फरक नाही. याच जोडीचं मागचं शिंगरूही असंच होतं, म्हणून मला हे आनुवंशिक वाटतं.

आयर्लंडच्या कॉनेमारा तट्टांत असाच आजार आहे. त्यामागचा सर्पिन-बी-११ जनुकातला दोष २०१५ मध्ये जाहीर झाला. आईबाप दोघेही वाहक असले, तर दर खेपेला शिंगराला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः ठणठणीत दिसतात. तपासणीला मुळासकट उपटलेले आयाळीचे केस पुरतात. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात ती होते.

आपल्या गावठी तट्टांत हा दोष कुणाला सापडलाय का? हिस्सारचं अश्व संशोधन केंद्र किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असे नमुने घेतं का? बेळगाव, चिक्कोडी, कोल्हापूर भागात लहान शिंगराची खुरं जपून तासणारा नालबंद असेल तर तोही सांगा. शर्यतीची पोरं या शिंगराच्या बाप घोड्याकडेच आपल्या घोड्या आणतायत. निकाल येईपर्यंत थांबा म्हणून मी सगळ्यांना सांगतोय, पण पुरावा हातात हवा.