दुसरी मोटर

सोसायटी ग्रुप, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

सेक्रेटरी काका, ए-१०१ (सकाळी ७.१०): सर्व सभासदांस नम्र सूचना. काल रात्री पावणेबाराच्या सुमारास बी विंगमधून जोरजोरात ओरडण्याचा आवाज आला. वॉचमन काठी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. भारताची मॅच तर तेव्हा केव्हाच संपली होती. कृपया कारण कळवावे.
दुसरे, उद्या नळाला पाणी आहे. हौदावरची एक मोटर जळाली आहे, एकाच मोटरवर भागवत आहोत. पाणी जपून वापरावे.

ओंकार, बी-३०२: सॉरी काका. मीच. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आमच्या आर्सेनलने मँचेस्टर सिटीला ५-१ ने धुतलं. लुइस-स्केली नावाच्या १८ वर्षांच्या पोराने गोल मारला आणि त्यांच्या हालांडची नक्कल करत ध्यानाला बसला. शेवटचा गोल न्वानेरीचा, तो १७ चा. राहवलंच नाही.

शेख सर, सी-२०१: मियाँ, वानखेडेवर अभिषेक शर्माने ५४ चेंडूंत १३५ मारले. तेव्हा तुझा आवाज नाही आला.

ओंकार: सर तेव्हा जेवत होतो.

मनीषा ताई, बी-१०३: मोटर कधी येणार ते सांगा आधी.

सेक्रेटरी काका: वाइंडिंग जळाले आहे. नवीन घ्यायची तर नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतील. दोन आली आहेत. सध्याची मोटर व्यवस्थित चालू आहे, घाईचे कारण नाही.

ओंकार: काका, हे वाक्य वाचून पोटात गोळा आला. आमच्या क्लबातही हेच म्हणून राहिलेत. साका डिसेंबरपासून बाहेर, मांडीच्या स्नायूचं ऑपरेशन. जेझुस १२ जानेवारीला गुडघ्यातून गेला. पुढे गोल मारायला, म्हणजे स्ट्रायकर, हॅव्हर्ट्झ एकटा. आणि आज रात्री खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा जानेवारीचा बाजार बंद. आपल्या घड्याळात पहाटे साडेचारला.

डॉक्टर वहिनी, डी-२०४: एसीएल आहे का, गुडघ्यातला लिगामेंट? मग नऊ महिने ते वर्ष विसरा. आणि एकट्या माणसाला दर तीन दिवसांनी पळवलं तर त्याचाही कुठला तरी स्नायू बोलणारच.

गणेश लातूरकर, ए-४०२: कशाला जीव काढूलालास ओंकार. आमच्या लिव्हरपूलचे २३ सामन्यांत ५६ गुण. तुमचे २४ सामन्यांत ५०. आमचा एक सामना अजून शिल्लक. स्ट्रायकर घ्या नाहीतर पंढरपूरला नवस बोला.

ओंकार: म्हणूनच म्हणतो ना, आत्ता घ्या! सहा गुण काही डोंगर नाही. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तिसरे आलोय, थेट शेवटच्या १६ मध्ये. २००४ नंतर लीग जिंकलेली नाही. मागची दोन वर्षं दुसऱ्या नंबरवर. यंदा नाही तर कधी?

दादाराव काका, ए-१०४: कोणाला मागितलं का तुमच्या लोकायनं?

ओंकार: ॲस्टन व्हिलाचा ऑली वॉटकिन्स. ४ कोटी पौंडांची बोली लावली असं वाचलं, व्हिलाने नाही म्हटलं. लहानपणी तो आर्सेनलचाच चाहता होता. बघा ना, १८ जानेवारीला आमच्याच मैदानावर आमच्याविरुद्ध गोल करून २-२ करून गेला.

मनीषा ताई: ४ कोटी पौंड म्हणजे?

ओंकार: सव्वाचारशे कोटी रुपये ताई.

मनीषा ताई: आपली शहराची पाणी योजना १६८० कोटींची २७४० कोटींवर गेली म्हणून आम्ही बोंबलतोय, आणि इथे सव्वाचारशे कोटींचा एक माणूस.

शेख सर: पण तो माणूस पाणी तरी आणेल, ताई.

दादाराव काका: ओंकार, मपलं ऐक. मी लिहायला सावकाश आहे, मधात कोणी बोलू नका.
जालन्याला आडतीवर बसायच्या आधी मी शेती करायचो. एका वर्षी मृग तोंडावर आला अन् मपला एक बैल बसला. उठंचना. पेरणीला आठ दिवस. गेलो बाजारात. बैलाचा सौदा तोंडानं होत नसतो, रुमालाखाली बोटं धरून होतो. समोरच्यानं मपला हात धरला अन् त्याला कळलं, हात घामेजलेला आहे. बस्स. दिवाळीनंतर ज्या भावात जोडी आली असती त्या भावात एक बैल गळ्यात पडला. दात बघायचं भान नव्हतं. आणला, तर जू दिसलं की खाली बसायचा. गरजवंताला अक्कल नसती ते असं.
आता तुमचे आर्सेनलवाले गेले बाजारात. सगळ्या गावाला ठाऊक, यांचा बैल बसलाय. रुमाल टाकून उपयोग काय?

शेख सर: वाह काका. तुमचा तो बैल म्हणजे टोरेस.

दादाराव काका: कोण?

शेख सर: ३१ जानेवारी २०११. बाजाराचा शेवटचा दिवस. चेल्सीला स्ट्रायकर पाहिजे, म्हणून लिव्हरपूलचा टोरेस ५ कोटी पौंडांना घेतला. आता लिव्हरपूलकडे स्ट्रायकर नाही, म्हणून त्यांनी त्याच दिवशी न्यूकॅसलचा अँडी कॅरोल साडेतीन कोटींना घेतला. टोरेसने त्या मोसमात चेल्सीसाठी लीगमध्ये किती गोल केले? एक.

दादाराव काका: मधी न्यूकॅसलवाला बसून कमावून गेला म्हणा की. त्यानं तो पोरगा केवढ्याला आणला व्हता?

शेख सर: फुकट. घरचाच होता, त्यांच्याच अकादमीत वाढलेला.

दादाराव काका: आडत्या तो खरा.

गणेश लातूरकर: सर, अर्धवट सांगूलालेत तुम्ही. त्याच बाजारात आम्ही सुआरेझपण घेतला, तो बैल चांगला निघाला.

ओंकार: आणि २०१८ चा व्हॅन डाइक? साडेसात कोटी पौंड, जानेवारीतच! सगळे हसत होते एवढे पैसे बचावपटूला म्हणून. दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीग, तिसऱ्या वर्षी लीग. शेख सर, तुमच्या मँचेस्टर युनायटेडचा ब्रुनो फर्नांडिस जानेवारी २०२० चा. व्हिडिच आणि एव्हरा जानेवारी २००६ चे. जानेवारीत सगळेच बैल बसके नसतात.

गणेश लातूरकर: व्हॅन डाइकचं मी सांगतो, घरचा मामला आहे. तो जानेवारीत ठरला नव्हता. २०१७ च्या उन्हाळ्यातच पाहिजे होता, साउथॅम्प्टन चिडलं, आमच्या क्लबाला जाहीर माफी मागावी लागली. सहा महिने थांबले, दुसरा कोणी घेतला नाही. त्याच महिन्यात कुटिन्हो बार्सिलोनाला विकला, गल्ल्यात पैसा. म्हणजे पसंती आधीच झाली होती, फक्त वरात जानेवारीत निघाली.

दादाराव काका: हा. हे पटलं.

सेक्रेटरी काका: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. फुटबॉलसाठी वेगळा ग्रुप करावा ही विनंती.

ओंकार: काका दोन मिनिटं. हिशेबाचं पण आहे यात. इंग्लंडमध्ये नियम आहे, तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नाही. एव्हर्टनचे मागच्या मोसमात गुण कापले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार कापले. खेळाडूची किंमत एका वर्षात नाही धरत, कराराच्या वर्षांवर वाटतात.

सेक्रेटरी काका: म्हणजे घसारा.

ओंकार: तेच.

सेक्रेटरी काका: सरळ रेषा पद्धतीने?

ओंकार: हो बहुतेक. चेल्सीने मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार दिला म्हणजे दरवर्षीचा आकडा बारीक दिसतो. नंतर नियम बदलला, आता पाचच वर्षांवर वाटायचं.

सेक्रेटरी काका: बरोबर केले. मी ऑडिटमध्ये असतो तर पहिल्याच दिवशी हरकत घेतली असती. चालू द्या.

शेख सर: सेक्रेटरी साहेब गेले कामातून.

गणेश लातूरकर: ओंकार, विकत परवडत नाही तर उसना घ्या. युनायटेडचा रॅशफर्ड काल व्हिलाला लोनवर गेला.

ओंकार: येत नाही. एका वेळी इंग्लंडमधल्याच क्लबांचे दोनच लोन ठेवता येतात. आमचे दोन्ही भरलेत. एक चेल्सीचा स्टर्लिंग.

गणेश लातूरकर: आणि दुसरा?

ओंकार: बोर्नमथचा नेटो.

गणेश लातूरकर: तो तर गोलकीपर! बाकावर बसायला!

ओंकार: हो. एक जागा राखीव गोलकीपरने अडवलीय. मला त्यावर बोलायचं नाही.

मनीषा ताई: मला एक सांग ओंकार. मला यातलं काही कळत नाही, माझा मुलगा गारखेड्याच्या ग्राउंडवर खेळतो तेवढाच संबंध. मोसम सुरू झाला तेव्हा तुमच्याकडे दोनच मोटरी होत्या का?

ओंकार: नाही ताई, तीन होत्या. एन्केटिया होता. ऑगस्टमध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला. अडीच कोटी पौंड आणि वर थोडे.

मनीषा ताई: त्याच्या जागी कोण आणला?

ओंकार: स्ट्रायकर कोणीच नाही.

मनीषा ताई: मग आज रात्रभर जागून काय होणार? टँकर मे महिन्यात महाग म्हणून ओरडायचं, आणि पावसाळ्यात टाकी विकून खायची.

शेख सर: ताईंना आर्सेनलच्या बोर्डावर घ्या.

ओंकार: ताई, जूनमध्ये लाइपझिगचा स्ट्रायकर शेस्को येणार अशी चर्चा होती, त्याने तिथेच नवीन करार केला. मग यांनी बचाव आणि मधली फळी भक्कम केली, कालाफिओरी आणि मेरिनो घेतले. मेरिनो पहिल्याच सरावात खांदा मोडून बसला, अंगावर आपलाच गॅब्रिएल पडला. खेळाडू विकत घेणारा एदू नोव्हेंबरमध्ये क्लब सोडून गेला, तिथे आत्ता कामचलाऊ माणूस आहे.

दादाराव काका: आडतीवर मुनीमच नाही अन् सव्वाचारशे कोटीचा माल घ्यायला निघालेत. काहून घाई करता? व्हिलानं दुसरा कोणी विकला का एवढ्यात?

ओंकार: हो, दुरान. परवाच सौदीच्या अल नस्रला गेला.

दादाराव काका: मग झालं. एक बैल परवा विकलेला माणूस दुसऱ्याची वेसण तुमच्या हातात देईल का? पुढच्या जन्मात दिली तर दिली.

डॉक्टर वहिनी: शेवटच्या दिवशी घेताना तब्येत तरी नीट तपासतात का?

ओंकार: वहिनी, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. २०१४ च्या जानेवारीत आम्ही शेवटच्या क्षणी किम शेलस्ट्रॉम लोनवर घेतला. मेडिकलमध्ये कळलं पाठीचं हाड मोडलंय. तरी घेतला, कारण दुसरा शोधायला वेळच नव्हता. सगळे मिळून चार सामने खेळला.

डॉक्टर वहिनी: एक्स-रे बघून सही केली?

ओंकार: बघून.

दादाराव काका: मी निदान दात बघितले नव्हते. यायनं बघून घेतला.

शेख सर: आज रात्री कोण कोण जागणार? मी नाही. आमचं युनायटेड कुठे आहे ते विचारू नका.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ओंकार (पहाटे ४.४१): बंद झालं. कोणीच नाही घेतला. बायर्नचा मॅथिस तेल टॉटनहॅमला लोनवर गेला. सिटीने पोर्तोचा निको घेतला. आम्ही शून्य.

दादाराव काका (४.४३): बरं झालं.

ओंकार: तुम्ही जागे?

दादाराव काका: नळ येतो ना साडेपाचला. अन् त्यो शेवटचा दिवस बघायचा व्हता. झोप आता.

सेक्रेटरी काका (६.०५): मोटर सुरू केली आहे. एकच असल्याने सी आणि डी विंगला उशिरा पाणी चढेल. सहकार्य करावे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गणेश लातूरकर: ओंकार, बातमी बघितलीस का?

गणेश लातूरकर: ओंकार?

शेख सर: बघितली असणार. सकाळपासून त्याच्या दाराबाहेर दूध तसंच आहे.

मनीषा ताई: काय झालं?

गणेश लातूरकर: हॅव्हर्ट्झ. दुबईला सरावाला गेले होते. मांडीचा मागचा स्नायू. मोसम संपला म्हणूलालेत.

डॉक्टर वहिनी: मी म्हटलं होतं.

ओंकार: वहिनी प्लीज.

दादाराव काका: आता व्हिलावाल्याला फोन करून उपयोग नाही. उन्हाळ्यापर्यंत बाजारच नाही. कोणाला जुंपणार?

ओंकार: माहीत नाही काका. स्ट्रायकर म्हणून एकही माणूस धड नाही.

मनीषा ताई: सेक्रेटरी काका, तिसरं कोटेशन आलं का?

सेक्रेटरी काका: पाठपुरावा चालू आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ओंकार (रात्री ७.४५): मेरिनो!!!

ओंकार (७.५२): मेरिनो!!!!!!!

सेक्रेटरी काका: ओंकार, आवाज.

ओंकार: काका, लेस्टरला २-० ने हरवलं! दुसऱ्या अर्धात मेरिनोला पुढे टाकला, ८१ आणि ८७ व्या मिनिटाला गोल!

दादाराव काका: हा तोच ना, खांदा मोडलेला? तू तर म्हन्ला स्ट्रायकरच नाही.

ओंकार: नाहीच आहे काका. मिडफिल्डर आहे. आयुष्यात कधी तिथे खेळत नव्हता.

दादाराव काका: गाडीचा बैल नांगराला धरला म्हणायचं. एक दिवस वढतो तसा. दुसऱ्या दिवशी खांदा बघावा लागतो.

गणेश लातूरकर: खांद्याचं नाव काढू नका काका, त्याचा एकदा मोडलाय.

मनीषा ताई: उद्या पाण्याचा दिवस आहे. चौथ्या मजल्यावर बादल्या आत्ताच भरून ठेवा, सेक्रेटरी काकांच्या कोटेशनची वाट बघू नका.

सेक्रेटरी काका: तिसरे कोटेशन आले आहे. पहिल्या दोनपेक्षा जास्त आहे. दुकानदार म्हणाला, तुमची एक मोटर बंद आहे असे ऐकले.

दादाराव काका: त्याला कोणी सांगितलं?

सेक्रेटरी काका: मीच.