रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आतून कच्चे राहतात, मदत हवी आहे

"विदर्भात आले तर रोडगे एकदा तरी खाच," असं व्याह्यांना मीच आग्रहाने म्हटलं होतं. रत्नागिरीकडची माणसं. वांग्याची भाजी विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली, पण रोडगा फोडला तर वरून कोळसा अन् मधात पिठाचा ओला गोळा. फार वाईट वाटलं मला.

कणीक जाडसर दळलेली, तीन पाऱ्या तेल लावून एकावर एक, मग गोळा. दुसऱ्यांदा आकार लहान केला, गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू दिला, तरी तेच. गोवऱ्या जरा दमट होत्या हेही खरं.

रविवारी ते परत येत आहेत. बारा माणसं, स्वयंपाक शेतातच, ओव्हन वगैरे नाही. रोडगे गरम राखेत किती वेळ पुरून ठेवावेत, आणि आधी वाफवून घेतले तर चव जाते का?