कबड्डी आणि नाडाची चाचणी : खोकल्याचं औषध, इनहेलर, सलाईन यांबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचं व्यवस्थापन मी बघते. व्यवस्थापन म्हणजे एसटीची तिकिटं, जर्सी, डबे आणि पालकांची समजूत घालणं. मानधन वगैरे काही नाही, हौसेचा मामला. यंदा दोघी जणी राज्याच्या कुमारी गटाच्या शिबिरात आहेत. संघात नाव आलं तर राष्ट्रीय स्पर्धेला जातील. शिबिरात त्यांना सांगितलं, "नाडाची चाचणी होऊ शकते, औषधं जपून घ्या." नाडा म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेली द्रव्यं घेतलीत का, हे तपासणारी देशाची संस्था. पण जपून म्हणजे नेमकं काय, ते कुणीच सांगितलं नाही.

दंड फुगवायला स्टेरॉइड घेणाऱ्यातल्या या मुली नव्हेत. माझी धास्ती गावच्या दवाखान्याची आहे. खोकला झाला की सिरप, अशक्तपणा वाटला की सलाईन, अंग दुखलं की इंजेक्शन. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते डॉक्टर आणि मेडिकलवाला सोडून कुणाला वाचता येत नाही.

एकीला (वय १७) दमा आहे. धुळीच्या मैदानावर सराव असला की अस्थालिनचा पंप लागतो. दुसरी वजनाच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे आणि तिला कुणीतरी "लघवी होण्याची गोळी घे, दोन दिवसांत उतरेल" असा सल्ला दिलाय. आमच्यासारख्या हौशी संघांना हे नियम लागू होतात का? आणि औषध चालतं की नाही, हे बघायचं कुठे? वाडाची, म्हणजे जागतिक संस्थेची, बंदी असलेल्या द्रव्यांची यादी उघडली, तर सगळी रसायनांची नावं.

बाकावरचा_राखीव :
ताई, उगाच टेन्शन घेताय. हौशी कबड्डीत कोण येतंय नमुन्याच्या बाटल्या घेऊन?

गोळ्याऔषधे :
राखीवभाऊ, असं सांगून पोरींना अडचणीत आणू नका. नाडा खेलो इंडियाला जाते, विद्यापीठ स्पर्धांना जाते, आणि आधी कळवून जात नाही. २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत चाचणीवाले आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच जण धावला. ती राज्य पातळीचीच स्पर्धा होती.

ताई, माझं मेडिकल आहे म्हणून आधी सिरपबद्दल सांगतो. आपल्याकडच्या कफाच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं. त्यावर बंदी आहे, आणि तीही बारा महिने, फक्त स्पर्धेपुरती नाही. हल्ली टर्ब्युटालिनऐवजी लेव्होसाल्ब्युटामॉल घातलेली सिरपं जास्त चालतात. तीही नकोत, कारण साल्ब्युटामॉलला (अस्थालिनच्या पंपात असतं ते औषध) जी सूट आहे ती फक्त ओढून घेण्याला, पोटातून घेण्याला नाही. आपला मुंबईचा पृथ्वी शॉ आठवतोय? फेब्रुवारी २०१९ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या औषधातून आलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी आली. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. मुद्दाम घेतलं की चुकून, हा विचार शिक्षा ठरवताना होतो.

लघवीची गोळी तर बिलकूल नको. फ्युरोसेमाइड असो की दुसरी कुठली, बाकीची द्रव्यं लपवायला वापरतात म्हणून त्या गोळ्यांवर कायमची बंदी आहे. वर मॅटवर पायात गोळे येतील ते वेगळंच.

माजी_डावा_कोपरा :
सलाईनबद्दल लिहितो, कारण हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बाटलीत नुसतं मीठ-साखरेचं पाणी असलं तरी बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेतलं की नियमभंग. इस्पितळातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांच्यापुरती सूट आहे. सामना संपल्यावर दवाखान्यात अर्ध्या लिटरची बाटली लावून ताजंतवानं होण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, ती यात बसत नाही. लिंबू-मीठ-साखर तोंडानेच प्या.

दुसरं, स्पर्धेच्या गावी कुणी "स्टॅमिन्याचं इंजेक्शन" म्हणत मेफेंटरमाइन पुढे केलं तर त्याला तिथून हाकला. भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर वापरायचं औषध आहे ते. जिममधल्या पोरांना विकताना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. यात चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते.

चाचणीला मात्र घाबरू नका. मी दिलेली आहे. निरोप मिळाल्यापासून एक माणूस सोबत असतो, कमीत कमी ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते, दोन बाटल्यांत आपल्यासमोर सील होते. मुलींबरोबर बाईच असते. १८ च्या आतल्या मुलीला आपलं मोठं माणूस सोबत नेता येतं, तेव्हा तुम्ही जा. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं विचारतात, तिथे क्रोसिनसुद्धा लिहायची. चाचणीला नकार दिला किंवा निघून गेलं तर मात्र ते औषध सापडण्याइतकंच महागात पडतं.

डॉक्टरीणबाई :
दम्याबद्दल. पंप बंद करू नका! अस्थालिनच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असतं. मर्यादा २४ तासांत १६०० आणि कुठल्याही आठ तासांत ६००. म्हणजे आठ तासांत सहा पफ, तेवढ्याला परवानगी लागत नाही. त्याहून जास्त लागत असतील तर दमाच आटोक्यात नाही, ते आधी बघायला हवं.

गडबड होते ती नेब्युलायझरने. त्याच्या एका डोसात साधारण अडीच मिलिग्रॅम असतं, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. तातडीची वेळ आली तर उपचार आधी, कागद नंतर. अशा प्रसंगी मागाहूनही सूट मागता येते, फक्त केसपेपर जपून ठेवा.

"हौशी" या शब्दावर भिस्त ठेवू नका. नियमांत हौशी खेळाडूंना शिक्षेत सवलत आहे, पण राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्यांनी ती आपल्याला मिळेल असं धरू नये. औषध शोधायला नाडाचं "नो युवर मेडिसिन" अ‍ॅप आहे. त्यात ब्रँडपेक्षा घटकाचं नाव टाका, एकाच नावाच्या सिरपचे तीन-तीन प्रकार असतात. यादी दर १ जानेवारीला बदलते.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. लघवीच्या गोळीचा विषय आजच मिटवते. डॉक्टरीणबाई, अजून एक. पावसाळ्यात दमा वाढला की हिला प्रेडनिसोलोनच्या (दम्यावरच्या स्टेरॉइडच्या) गोळ्या देतात. त्या चालतात का?

डॉक्टरीणबाई :
एरवी चालतात, स्पर्धेच्या काळात नाही. आणि स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. शेवटची गोळी आणि हा काळ सुरू होणं यांत किमान तीन दिवस हवेत. तेवढे मिळणार नसतील तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, मागावी लागेल. अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी.

धागाकर्ती :
अर्जाला आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुरेल ना?

डॉक्टरीणबाई :
नाही पुरणार. आजाराचा इतिहास, तपासणीची नोंद आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) लागेल, पंप घेण्याआधीची आणि घेतल्यानंतरची. जिल्ह्याच्या गावी छातीच्या डॉक्टरांकडे होते. अपॉइंटमेंट घेताना "दोन्ही करायच्या आहेत" असं सांगा, आणि त्या दिवशी सकाळी पंप घ्यायचा की नाही हेही त्यांनाच विचारा.